थोरलीच्या नावाचा कोळी

म्युझियमातले लोक तिला शंकाबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पाठीमागेच. पण पाठीमागे कोण काय बोलतं याकडेच तर तिचं निम्मं लक्ष असायचं, त्यामुळे तिला ते रुजू झाल्यापासून माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला राग नव्हता. कुणी उगीच गोड बोललं की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच. डॉक्टरांनी हसत हसत ‘काही नाही, सगळं छान आहे’ म्हटलं, की ती दुसऱ्या डॉक्टरकडे जायची. शेजारणीने चहाला बोलावलं, की हिला आता काय हवंय हा पहिला विचार. दाराला कुलूप लावून जिना उतरली की परत वर यायची, कुलूप ओढून बघायची, आणि खाली गेल्यावर ‘मघाशी नीट ओढलं होतं ना?’ म्हणून पुन्हा वर. लग्न केलं नाही. तरुणपणी दोघांनी विचारलं होतं म्हणे. एकाचं हसणं तिला पटलं नाही आणि दुसरा हसतच नव्हता.

असल्या बाईला जगात एकच काम शोभलं असतं आणि नशिबाने तिला नेमकं तेच मिळालं. म्युझियमच्या तळघरात एक लांबट खोली होती. खिडक्या छताला लागून, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. भिंतीभर कपाटं, कपाटांत बाटल्या, बाटल्यांत स्पिरिट, आणि स्पिरिटात कोळी. कुणी डोंगरातून पाठवलेले, कुणी गोदामात पकडलेले, कुणी न्हाणीघरात किंचाळून मारलेले. तिचं काम एवढंच, की प्रत्येक कोळी मायक्रोस्कोपखाली घ्यायचा आणि तो कोणत्या जातीचा ते ठरवायचं. म्हणजे समोर जे दिसतंय ते तसंच आहे का, हे दिवसभर विचारत बसायचं. त्यासाठी तिला पगार देत होते, आता बोला.

त्यातही तिची खासियत होती खोट्या लांडग्यांची. कोळ्यांमध्ये लांडगे म्हणून एक मोठं घराणं आहे. जाळं विणून वाट बघत बसायचं नाही, जमिनीवर धावत जाऊन शिकार पकडायची, म्हणून ते नाव. आणि हे खोटे लांडगे दिसायला हुबेहूब तसेच. तोच करडा-तपकिरी रंग, तेच केसाळ पाय, तीच धाव. घाईत असलेला माणूस बेधडक लांडग्यांच्या बाटलीत टाकून मोकळा होतो. पण जरा निरखून बघा. खऱ्या लांडग्याचे दोन डोळे मोठे, समोर टक लावलेले. याचे सगळे डोळे जवळजवळ सारखे. खरा लांडगा काचेवरून घसरतो. हा काचेवर सरळ चढतो. खऱ्या लांडग्याची मादी अंड्यांची पुरचुंडी मागे बांधून गावभर हिंडते, पिल्लं झाली की पाठीवर घेते. खोटीचं तसं नाही. ती एखाद्या सालीखाली रेशमाची खोली करते आणि अंड्यांवर बसून राहते, हलत नाही. ‘सोंगाडे आहेत मेले,’ असं शंकाबाई म्हणायची, पण म्हणताना तिच्या आवाजात माया असायची. सोंग ओळखणारे आपणच, याचा तो आनंद होता.

या खोट्या लांडग्यांच्या एका कुळात मोजक्याच जाती होत्या. एक सगळीकडे सापडणारी, थंडी पडली की घराघरांत शिरणारी, पाठीवर काळा मुखवटा काढल्यासारखी खूण असलेली. तिला ती नुसतं ‘घरची’ म्हणायची. एक फिकट, उंच डोंगरातली. एक कुठल्याशा बेटावरची. आणि एक होती ती शंकाबाईने स्वतः शोधलेली. तिला तिने आपल्या थोरल्या बहिणीचं नाव दिलं होतं.

आता या थोरलीबद्दल सांगायलाच हवं. आई गेली तेव्हा थोरली शाळेत होती आणि धाकटी, म्हणजे आपली शंकाबाई, तिच्या कडेवर. वडील होते, पण नसल्यासारखे. थोरलीने शाळा सोडली आणि गणवेश शिवायच्या कारखान्यात चिकटली. कापड बेतायचं, खडूने आखायचं, कापायचं. उभं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश कापले आणि त्यावर धाकटीला शिकवलं. स्वतःचं काही केलं नाही. विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणायची. धाकटी नोकरीला लागली त्याच सुमारास थोरलीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर नीट बोलेनात. शंकाबाईचा जीव खालीवर होत होता. आणि त्याच दिवसांत डोंगरातून आलेल्या एका बाटलीत तिला एक मादी दिसली, कुणाशीच न जुळणारी. मादीच्या पोटाखाली एक बारीकशी टणक चकती असते. तिची घडण प्रत्येक जातीत निराळी, त्यावरूनच जात ठरते. या मादीची चकती तिने कुठेच पाहिली नव्हती. एरवी तिने सहा जणांना विचारलं असतं, वर्षभर बाटली तशीच ठेवली असती. पण थोरली ऑपरेशनला जाण्याआधी तिच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. तिने चित्र काढलं, वर्णन लिहिलं, नाव ठेवलं, छापायला पाठवलं.

थोरली वाचली. घरी आल्यावर तिने त्या छापील चित्राला चौकट करून घेतली आणि जेवायच्या टेबलासमोर टांगली. केसाळ आठ पायांचं ते ध्यान बघून येणाऱ्याचा घास घशात अडकायचा. एरवी थोरलीला कोळी दिसला की ती खुर्चीवर चढायची, पण हा कोळी निराळा. ‘माझ्या नावाचा आहे,’ ती सांगायची. गॅसवाल्याला सांगायची, जिना झाडणारीला सांगायची. ‘मी गेले तरी हा राहणार. पुस्तकात आहे.’ शंकाबाई ऐकायची आणि ताटात बघून हसायची. साऱ्या जगावर संशय घेणारी ही बाई, पण थोरलीवर तिने कधी संशय घेतला नाही. निदान तिचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं.

तर अशी वर्षं गेली, आणि तळघरात दुसरं टेबल आलं.

टेबलामागे एक माणूस आला. चाळिशीचा, टक्कल पडायला लागलेला, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. दुसऱ्या शहरातून बदलून आला होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, तुमचं काम मी कॉलेजात असल्यापासून बघतोय.” झालं! शंकाबाईने मनात त्याचं नाव साखऱ्या ठेवून टाकलं. तोंडात एवढी साखर घेऊन माणूस उगीच येत नाही. तिने त्या दिवसापासून आपल्या टेबलाच्या खणाला कुलूप लावायला सुरुवात केली.

साखऱ्या तिच्यासाठी चहा आणायचा. ती तो कुंडीत ओतायची. तो लवकर यायचा. ती त्याच्याही आधी यायला लागली. तो फोनवर बोलायला बाहेर गेला की ही कपाटाशी जाऊन कान टवकारायची. एकदा तिने ऐकलं, “अजून विचारलं नाही. योग्य वेळ बघून विचारतो.” काय विचारणार होता हा? तिची जागा मागणार होता? की खोली?

विचारलं ते भलतंच. एका सकाळी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या बहिणीच्या नावाची जी जात आहे ना, तिची मूळ मादी बघायला मिळेल का?”

इथे त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. ज्या एका कोळ्यावरून जातीचं नाव ठेवलं जातं, तो कोळी कायमचा जपून ठेवायचा. त्याच्या बाटलीत लाल चिठ्ठी असते. तो ठेवणाऱ्याच्या मालकीचा नसतो. त्या कामातल्या कुणीही मागितला तर दाखवायचाच. नाही म्हणायची सोयच नाही, कारण नाही म्हटलं म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असाच अर्थ होतो. हे शंकाबाईएवढं कुणाला ठाऊक होतं? आयुष्यभर तिने हीच रीत पुढे करून दुसऱ्यांच्या बाटल्या उघडायला लावल्या होत्या, त्यांच्या चुका काढल्या होत्या.

“ती बाहेर गेलीय,” ती म्हणाली. “दुसऱ्या म्युझियमने मागवलीय अभ्यासाला.”

“परत कधी येईल?”

“त्यांना विचारा.”

“कोणत्या म्युझियमने?”

“तुम्ही पोलीस आहात का?” ती म्हणाली, आणि साखऱ्या मान खाली घालून गेला.

तो जेवायला बाहेर पडताच तिने लाल चिठ्ठीची ती बाटली काढली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कोळीवाले कधी फिरकत नाहीत अशा खेकड्यांच्या कपाटात, एका दांडग्या नांगीमागे सरकवून दिली. तिला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्यांच्या जाती खोट्या पाडून नाव कमावणारे असतातच, तिने पाहिले होते. याला थोरलीचा कोळी बुडवायचा होता. म्हणायचं, ही वेगळी जात नव्हेच, म्हणजे थोरलीचं नाव पुस्तकातून गेलं. भिंतीवरची चौकट राहील, पण तिच्यात काय उरेल? एका बाईने आयुष्यभर खस्ता खाल्ल्या आणि तिच्या वाट्याला काय आलं, तर एक कोळी. तोही हा गोडबोल्या काढून घेणार! शंकाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग तिने ठरवलं की आपणच तयार राहायचं. तो काय काय म्हणू शकेल, त्या प्रत्येकाला उत्तर हवं. साखऱ्या दोन दिवस रजेवर होता, तेव्हा तिने नांगीमागून बाटली काढली. चिमट्याने मादी उचलून काचेच्या ताटलीत ठेवली, दिवा जवळ ओढला आणि भिंगाला डोळा लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्यांच्या कामात ती दहादा डोकावायची. स्वतःचं हे काम छापून आल्यावर कुलपात गेलं होतं आणि ते उघडावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

चकती होती. तिने काढलेल्या चित्रात होती तशीच, वाटोळी, धूसर. धूसर? तिने भिंग फिरवलं. चकतीच्या कडा कुठेच पक्क्या होत नव्हत्या. तिने सुईच्या टोकाने हलकेच दाबून पाहिलं. वर पातळ कातडं होतं, सलग, कुठेही उघडं नसलेलं, आणि ती खूण त्या कातड्याच्या आत होती.

कोळी वाढताना कात टाकत टाकत वाढतो. ती चकती शेवटच्या कातीनंतर तयार होते. त्याआधी ती आत घडत असते आणि कातड्यातून अंधूक दिसते. म्हणून कोळीवाल्यांचा पहिला नियमच असा, की पिल्लावरून जात ठरवायची नाही. वयात आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. नवख्यालाही हे सांगावं लागत नाही. आणि तिच्यासमोर पडलेली मादी वयात आलेली नव्हती. एक कात राहिली होती. आणि धूसर का होईना, आतली ती घडण आता ओळखता येत होती. ती ‘घरची’च होती, थंडीत न्हाणीघरात निघणारी.

तिने दिवा बदलला, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला आणि जिथे घ्यायचा तिथे घेतला नाही, हे तिला इतकं लागलं की ती ताटलीसमोर तोंडावर पदर धरून रडली. वरून बूट चालले होते. लपवणं काही अवघड नव्हतं. बाटली हातातून पडून फुटू शकते, झाकण सैल होऊन स्पिरिट उडू शकतं आणि कोळी वाळून चुरा होऊ शकतो. तिने तो विचार केला. केला नाही असं म्हणणं खोटं होईल.

साखऱ्या परत आला त्या दिवशी ती त्याच्या टेबलाशी गेली आणि बाटली समोर ठेवली.

“बाहेर गेली नव्हती,” ती म्हणाली. “मी खेकड्यांत लपवली होती. तुम्ही हिला बुडवायला आलात ना? बुडवा. पिल्लू आहे.”

साखऱ्या बघतच राहिला. मग त्याने खणातून स्वतःची एक बाटली काढली. त्याच डोंगरातून त्याला एक नर सापडला होता. तुमच्या जातीचा नर आजवर कुणाला मिळाला नव्हता, हा तोच असेल अशी मला आशा होती, तो म्हणाला. मादीशेजारी ठेवून बघायचा होता. जुळला असता तर जात पुरी झाली असती, आणि मग तिच्या बहिणीलाही नर दाखवायला घरी यायचं त्याच्या मनात होतं. बायकोलाही फोनवर तेच सांगितलं होतं, अजून विचारलं नाही म्हणून, म्हणाला. त्या नराला आता शेजारी ठेवायला मादीच उरली नव्हती.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “कुणी बघायला येत नाही या बाटलीकडे. मी काही बोलणार नाही.”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. सवयच ती. पण त्या चेहऱ्यात काही सापडलं नाही. “चूक झाली म्हणून छापायला लिहीन,” ती म्हणाली. “माझं पाप मीच फेडते. पण आधी घरी सांगायला हवं.”

घरी सांगणं म्हणजे काय ते तिला संध्याकाळी कळलं. थोरलीने सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचे ओठ बारीक होत गेले. गेल्या महिन्यात दोघींचं घराच्या रंगावरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि थोरली तिला नको ते बोलली होती.

“त्या दिवसाचा राग काढतेयस ना?” थोरली म्हणाली.

“अगं ताई, काहीतरीच काय! तो कोळीच तसा आहे.”

“इतकी वर्षं तसा नव्हता. आताच बरा झाला.” थोरली उठली आणि पाठ करून भांडी आवरायला लागली. “दिलेलं परत घ्यायचं असेल तर सरळ घे. पिल्लाबिल्लाच्या गोष्टी मला सांगू नकोस.”

आपण खरं बोलतोय आणि समोरचं माणूस ते खरं मानत नाही, हे असं असतं तर. तिने शपथ घेतली, चित्र काढून दाखवलं, हात जोडले. थोरली म्हणाली, “मला दाखव.”

दुसऱ्या दिवशी थोरली ठेवणीतली साडी नेसून, जिन्याचा कठडा धरत तळघरात उतरली. इतक्या वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. कोळ्यांच्या खोलीत कोण येणार? साखऱ्याने आपली खुर्ची पुसून पुढे केली. थोरलीने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यालाच विचारलं, “हिचं म्हणणं खरं आहे का हो? तुम्ही परके आहात, तुम्ही सांगा.”

“खरं आहे,” तो म्हणाला.

“मग मला बघू द्या.” थोरलीने चष्मा वर सरकवला आणि भिंगाला डोळा लावला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. साखऱ्याने भिंग जुळवून दिलं तशी ती एकदम मागे सरली, मग नेटाने पुन्हा वाकली.

“हे आखून ठेवलंय नुसतं,” ती शेवटी म्हणाली. “कापलेलं नाहीये अजून.”

“हो ताई.”

“केवढीशी आहे गं. आणि हिच्यावर एवढं मोठं नाव.” तिने डोळे पुसले, भिंगात बघून पाणी येतं, म्हणाली. मग साखऱ्याला विचारलं, “माझं नाव आता पुसणार?”

पुसत नाहीत, त्याने सांगितलं. एकदा ठेवलेलं नाव राहतं. ‘घरची’च्या नावाखाली, बारीक अक्षरात, चुकून ठेवलेलं म्हणून. बाटलीही राहते, लाल चिठ्ठीसकट. थोरलीने मान हलवली.

बाहेर पडल्यावर दोघी फुटपाथने चालू लागल्या. थोरलीने धाकटीचा हात धरला नव्हता. कोपऱ्यावर शंकाबाईला राहवेना.

“तू त्याला विचारलंस,” ती म्हणाली. “परक्या माणसाला. माझ्या शब्दावर विश्वास नाही ठेवलास.”

“नाही ठेवला.”

“मला फार वाईट वाटलं, ताई.”

“वाटणारच,” थोरली म्हणाली. ती दम खायला थांबली. “मी गोळी घेतली म्हणून सांगते, तरी तू पाकीट उघडून बघतेस. दुखत नाही म्हणते, तर डॉक्टरला चोरून फोन करतेस. ऑपरेशननंतर मी म्हटलं, मी बरी आहे, तर तू नर्सला विचारलंस, माझ्यासमोर. मी सांगितलेलं एकदा तरी पहिल्या फटक्यात खरं मानलंयस?”

शंकाबाईने बोलायला तोंड उघडलं. काहीतरी एक आठवायला हवं होतं, एकच. तिने फार मागे जाऊन शोधलं आणि तोंड मिटलं. इतकी वर्षं एका घरात, एका टेबलाशी, आणि थोरलीने हे गिळलं होतं, रोज.

“चल,” थोरली म्हणाली. “बस या अंगाने मिळते.”

शंकाबाईला रस्ता रोजचा पाठ होता. तिच्या माहितीप्रमाणे बस पलीकडून मिळायची. थांब्यावर एक माणूस पेपर वाचत उभा होता, त्याला विचारणं अगदी सोपं होतं. ती विचारायला वळली, आणि विचारलं नाही. थोरलीच्या शेजारी उभी राहिली.

थोड्या वेळाने समोरच्या बाजूने त्यांची बस आली, थांबली, माणसं घेतली आणि निघून गेली.

थोरली बसकडे बघत राहिली. “चुकलंच की गं माझं,” ती म्हणाली. “तुला ठाऊक होतं?”

“असू दे,” शंकाबाई म्हणाली, आणि तिने थोरलीचा हात धरून तिला रस्ता ओलांडून नेलं.